धावणाऱ्या गटाचा वेग कोणी ठरवायचा?

दिवाळी संपली की मुंबईत धावणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते. तिच्या आधीचे दोन-अडीच महिने शिवाजी पार्क, दादरचा फाइव्ह गार्डन परिसर आणि गिरगाव चौपाटीपासून नरिमन पॉइंटपर्यंतचा मरीन ड्राइव्ह पहाटे पाचपासून जागा असतो. यात एकटे धावणारे कमी, गटाने धावणारे जास्त. आणि जवळजवळ प्रत्येक गट नव्या माणसाला घेताना एक वाक्य हमखास सांगतो : आम्ही कुणालाही मागे सोडत नाही.

हे वाक्य किती गट पाळतात? गेली सात वर्षं मी परळ-दादर भागात वेगवेगळ्या गटांबरोबर धावतो आहे. माझं निरीक्षण असं की फार थोडे. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. मागे कसं सोडायचं नाही, याचा विचार कुणी केलेला नसतो, एवढंच. हा विचार करायला हवा, आणि आपल्यासारख्या घरांतल्या तरुणांनी तर तो जास्तच करायला हवा, असं मला वाटतं. त्याचं कारण सांगतो.

मागे राहणारी कोण असते?

माझी धाकटी बहीण दोन हिवाळ्यांपूर्वी एका गटात गेली. सलवार-कमीज, डोक्याला स्कार्फ, पायात नवे बूट. किलोमीटरला साडेआठ मिनिटं असा तिचा वेग. पहिल्या रविवारी सव्वापाचला सगळ्यांनी टाळ्या वाजवून तिचं स्वागत केलं, फोटो काढला, आणि गट निघाला. दहा मिनिटांत पुढचे लोक दिसेनासे झाले. ते कुठून वळणार, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. रस्त्यावर अंधार. एक मोटरसायकल हळू झाली, मागे बसलेला काहीतरी बोलला आणि ती पुढे गेली. बहीण तिथूनच परत फिरली आणि टॅक्सी करून घरी आली. संध्याकाळी ग्रुपवर सकाळचा फोटो आला, खाली ओळ होती : आज सगळ्यांनी मिळून दहा किलोमीटर! ती कुठे गेली, हे कुणी विचारलं नाही. अम्मीने मात्र विचारलं, आणि उत्तर ऐकून एवढंच म्हणाली, "मी म्हटलं होतं ना?"

आपल्याकडच्या किती घरांत पहाटे एकटीने बाहेर पडण्याची परवानगी मुलीने वाद घालून, आर्जवं करून मिळवलेली असते, हे वाचकांना मी सांगायची गरज नाही. अशी परवानगी एका रविवारात जाते आणि पुढची कित्येक वर्षं परत मिळत नाही. पुढे गेलेल्या माणसाला दहा मिनिटांचं अंतर ही मामुली गोष्ट वाटते. मागे राहिलेल्या मुलीसाठी तिथे दार बंद होतं.

आणि मागे राहणारी फक्त मुलगीच नसते. डायबेटिस झाल्यावर डॉक्टरांनी पळायला सांगितलेली खाला असते. रात्रपाळी करून आलेला मदनपुऱ्यातला मुलगा असतो. लहानपणी ज्याला मैदान मिळालं नाही तो असतो. वेगात मेहनत असते, हे खरंच. पण रात्री किती तास झोप मिळते, घरात कामाची वाटणी कशी आहे, शाळेला मैदान होतं की नाही, हेही वेगात असतं. म्हणून "ज्याचा त्याचा वेग" म्हणून विषय सोडून देता येत नाही.

सदिच्छेने अंतर भरत नाही

साधा हिशेब करू. एक जण किलोमीटरला पाच मिनिटं घेतो, दुसरी आठ मिनिटं. हौशी धावणाऱ्यांमध्ये हा फरक रोज दिसतो. पहिला पाच किलोमीटर संपवतो तेव्हा दुसरी तीन किलोमीटरच्या जरा पुढे असते. मध्ये जवळजवळ दोन किलोमीटर रस्ता. हे अंतर "चल, जमेल तुला!" अशा शाबासकीने भरत नाही.

मग गट दोनपैकी एक करतो. हळू माणसाला ओढतो, किंवा वेगवान माणसाला रोखतो. दोन्ही फसतं. ओढलेला माणूस तीन आठवडे धापा टाकत धावतो, त्याची नडगी दुखू लागते आणि तो घरी बसतो. नवख्याने किती वेगाने धावावं याची जुनी खूण अशी की धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर तो वेग त्याचा नाही, शेजारच्याचा आहे. उलट रोखलेला माणूस दोन रविवार सौजन्य दाखवतो आणि तिसऱ्या रविवारी दुसरा गट शोधतो. त्याचीही चूक नाही. त्यालाही शरीराला ताण द्यायचा आहे, जानेवारीत पेडर रोडचा चढ थकलेल्या पायांनी चढायचा आहे.

याचा अर्थ वेगवेगळ्या वेगाच्या लोकांनी एकत्र धावू नये असा नाही. एकत्र असायला वेग एकच असावा लागतो, ही समजूत सोडावी लागेल. वेग सोडून बाकीच्या गोष्टी एक ठेवता येतात : सुरुवातीची जागा, शेवटची जागा, वेळ, आणि एकमेकांवर असलेली नजर.

चार साधे मार्ग

पहिला मार्ग फेरीचा. शिवाजी पार्कची फेरी साधारण सव्वा किलोमीटरची आहे. तिथे कुणी हरवत नाही. वर सांगितलेले दोघं एक तास धावले तर पहिला बारा किलोमीटर करतो, दुसरी साडेसात. या तासाभरात तो तिला तीन वेळा मागून येऊन गाठतो. तीन वेळा हात वर होतो, तीन वेळा "पाणी आहे ना?" होतं. तिच्यामागे कुणी रेंगाळत नाही, आणि तिला आपण कुणाचा तरी वेळ खातोय असंही वाटत नाही. आमच्या आताच्या गटात लालबागचे एक निवृत्त बेस्ट ड्रायव्हर काका आहेत. मी त्यांच्यासाठी पाय आखडते घेतले की ते म्हणतात, "अरे, तू फिरून ये. मी काय कुठे जात नाही, इथेच आहे."

फेरीचा आणखी एक फायदा आपल्या कामाचा. जानेवारीत मुंबईत फजरची वेळ सहाच्या जरा आधी सुरू होते आणि सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. साडेपाचला निघून सातला परतणाऱ्या सरळ रस्त्याच्या धावेत नमाज पढणाऱ्याची अडचण होते. फेरीवर होत नाही. तो मध्येच बाजूला होतो, नमाज अदा करून येतो आणि पुढच्या फेरीत मिसळतो. कुणाला कारण द्यावं लागत नाही, कुणी थांबत नाही.

दुसरा मार्ग घड्याळाचा. मरीन ड्राइव्हसारख्या सरळ रस्त्यावर अंतर ठरवू नका, वेळ ठरवा. गिरगाव चौपाटीवरून सगळे एकदम निघा. पंधरा मिनिटं झाली की जो जिथे असेल त्याने तिथूनच मागे वळायचं. पाच मिनिटांचा वेगवाला तोवर तीन किलोमीटर गेलेला असतो, आठ मिनिटांची वेगवाली पावणेदोनच्या जरा पुढे. दोघांनी वेग सारखा राखला तर दोघं चौपाटीवर एकाच वेळी परततात. यात एक गंमत आहे. परतीच्या वाटेवर सगळ्यात वेगवान माणूस सगळ्यात मागे असतो आणि सगळ्यात हळू धावणारी सगळ्यात पुढे. जिच्या मागे आजवर फक्त अंधार असायचा, तिच्या मागे आता अख्खा गट असतो.

तिसरा मार्ग आधी निघण्याचा. महाराष्ट्राला तो नवा नाही. पंढरीच्या वारीत ज्यांना पालखीबरोबर चालणं झेपत नाही ते लोक पहाटेच पुढे निघतात. मुक्कामाला सगळे भेटतात. आपणही तेच करू शकतो. पाच किलोमीटरला एकीला चाळीस मिनिटं आणि दुसऱ्याला पंचवीस मिनिटं लागत असतील, तर तिने पंधरा मिनिटं आधी निघावं. शेवट एकत्र होतो. फक्त ती पंधरा मिनिटं ती एकटी निघणार नाही, दोघं-तिघं मिळून निघतील, एवढी काळजी घ्यायची.

चौथा मार्ग सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना माहीत आहे. तिथे पुढे लीडर असतो आणि सगळ्यात मागे स्वीपर. स्वीपर हा गटातला अनुभवी माणूस, आणि त्याच्या मागे कुणीही राहू द्यायचं नाही हा नियम. धावणाऱ्या गटांत लीडर भरपूर असतात, स्वीपर बहुधा नसतोच. आठवड्याला एकाने पाळीने स्वीपर व्हावं. वेगवान माणसालाही महिन्यातून एखादा हळू दिवस शरीरासाठी हवाच असतो. तो दिवस त्याने मागे राहण्यात घालवावा.

सरासरीने फसू नका

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादी सेवा किती चांगली चालते हे बघताना फक्त सरासरी वेळ बघणाऱ्याला कुणी शहाणा म्हणत नाही. शंभरातल्या सगळ्यात हळू रिक्वेस्टला किती वेळ लागला, ते बघावं लागतं. कारण वैतागून सोडून जाणारा ग्राहक तिथे असतो.

धावण्याचे गट मात्र सरासरी मिरवतात. "मागच्या वर्षी आमची सरासरी सात मिनिटं होती, या वर्षी सव्वासहा." अभिनंदन. पण ही सरासरी दोन प्रकारे सुधारू शकते. सगळे थोडे थोडे वेगवान झाले असतील, किंवा हळू धावणारे निघून गेले असतील. नुसत्या आकड्यावरून हे कळत नाही. कळायचं असेल तर मागच्या नोव्हेंबरचा फोटो काढा आणि बघा, त्यातले किती चेहरे या नोव्हेंबरच्या फोटोत आहेत.

ज्या वर्षी मुंबई मॅरेथॉन सुरू झाली त्याच वर्षी, म्हणजे 2004 मध्ये, लंडनच्या बुशी पार्कमध्ये 13 जण पाच किलोमीटर धावले. त्यातून पार्करन नावाचा उपक्रम उभा राहिला. आज तो अनेक देशांत दर शनिवारी सकाळी होतो आणि भाग घ्यायला पैसे पडत नाहीत. तिथे सगळ्यात मागे चालणारा एक स्वयंसेवक नेमलेला असतो. शेवटचा नंबर नेहमी त्याचा, त्यामुळे दुसरं कुणी शेवटचं येतच नाही. वर्षं गेली तशी तिथल्या लोकांची सरासरी वेळ वाढत गेली, म्हणजे धाव हळू होत गेली. संयोजक हे अभिमानाने सांगतात. हळू लोक येऊ लागले आणि टिकले, असा त्याचा अर्थ ते घेतात.

दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारिट्झबर्गच्या दरम्यान कॉम्रेड्स नावाची जवळजवळ 90 किलोमीटरची शर्यत होते. बारा तासांत पोहोचायचं असतं. तिथे काही अनुभवी धावपटू ठरावीक वेळेत पोहोचण्यासाठी मोठा घोळका घेऊन धावतात. त्या घोळक्याला "बस" म्हणतात. मुंबई मॅरेथॉनमध्ये वेळेचा झेंडा पाठीवर लावून धावणारे पेसर असतात, त्यांचंही काम तेच. स्वतःचा विक्रम त्या दिवसापुरता बाजूला ठेवून ते दुसऱ्यांना वेळेत पोहोचवतात.

आणि गटाची गरज फक्त हळू धावणाऱ्याला असते असंही नाही. 12 ऑक्टोबर 2019 रोजी व्हिएन्नात एलियुद किपचोगेने मॅरेथॉनचं अंतर 1 तास 59 मिनिटं 40 सेकंदांत कापलं. दोन तासांच्या आत ते अंतर कापणारा तो पहिला माणूस. त्याच्यासाठी 41 धावपटू पाळीपाळीने पुढे-मागे धावत, वारा अडवत होते. ती अधिकृत शर्यत नव्हती म्हणून विक्रमात नोंद झाली नाही. पण जगातल्या सगळ्यात वेगवान माणसालाही आपल्या वेगाने धावायला इतरांची साथ लागली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

जमातीत आपण हे शिकलोच आहोत

यातलं काही आपल्याला परकं नाही. जमातीने नमाज पढवणाऱ्या इमामाला पैगंबर साहेबांची ताकीद आहे की ती हलकी ठेवावी, कारण मागे म्हातारे, आजारी, अशक्त आणि कामाची निकड असलेले लोक उभे असतात. एकटा पढत असशील तर हवी तेवढी लांबव. हदीसमध्ये असंही येतं की प्रवासात ते स्वतः काफिल्याच्या मागे राहत, थकलेल्याला पुढे ढकलत आणि कुणाला आपल्या मागे सवारीवर बसवून घेत. आजच्या भाषेत ते स्वीपर होते.

मला या ताकिदीतला समतोल आवडतो. तुझा वेग विसर असं ती म्हणत नाही. एकटा असताना तुझा वेग तुझा. जमातीत असताना मोजमाप सगळ्यात अशक्त माणसाचं. रविवारची गटाची धाव आणि मंगळवारची एकट्याची धाव यांच्यात हाच फरक ठेवता येतो. गट संपूर्ण आठवडा मागत नाही, एक तास मागतो.

वेगळे गट काढायचे का?

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. बहिणीच्या बाबतीत घडलं तसं होत असेल, तर आपल्या मुलींचा वेगळा गट का नसावा? आपल्या मोहल्ल्याचा वेगळा गट का नसावा? फक्त स्त्रियांचे गट असावेत, याला माझा विरोध नाही. जिला त्यात सुरक्षित वाटतं तिने तिथूनच सुरुवात करावी. 2012 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या पिंकेथॉनने साडी नेसलेल्या आणि हिजाब घातलेल्या कितीतरी स्त्रियांना पहिल्यांदा रस्त्यावर आणलं, आणि दृष्टिहीन स्त्रियांनाही धावण्यात सामावून घेतलं. ते काम मोठं आहे.

पण मोहल्ल्यावार गट या कल्पनेची मला काळजी वाटते. मरीन ड्राइव्हवर धावताना उजवी-डावीकडे बघा. हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना, पारशी जिमखाना एका रांगेत उभे आहेत. एके काळी या शहरातल्या सगळ्यात मोठ्या क्रिकेट स्पर्धेचे संघ धर्मावर ठरायचे. ती पेंटँग्युलर स्पर्धा 1946 मध्ये बंद झाली, आणि बंद व्हावी म्हणून आधी बरीच वर्षं लोक बोलत होते. आज त्याच इमारतींसमोरच्या फुटपाथवर पहाटे कोण कुठल्या धर्माचा हे कुणी विचारत नाही. लालबागच्या चाळीतला, भायखळ्याच्या इमारतीतला आणि गिरगावच्या वाडीतला माणूस आठवड्यातून एक तास एकमेकांच्या बाजूने घाम गाळतो, नंतर चहा पितो. घरं वेगळ्या वस्त्यांत, शाळा वेगळ्या, लग्नाचे हॉल वेगळे. अशा शहरात हा एक तास स्वस्तात सोडून देण्यासारखा नाही.

आणि तो वेगामुळेही सुटू शकतो, हे माझं म्हणणं आहे. धर्म कुणी विचारला नाही तरी पाच मिनिटांवाले पुढे, आठ मिनिटांवाल्या मागे अशी वाटणी झाली की मागच्या हळूहळू येईनाशा होतात. वर सांगितल्याप्रमाणे, मागे राहणाऱ्यांत आपल्या घरातली माणसं बरीच असतात. कुणालाही न हाकलता गट पुन्हा एकसारख्या लोकांचा होऊन जातो.

आणि आजचा वेगवान उद्याही वेगवान असेल असं नाही. रमजानमध्ये रोजा ठेवून धावणारा वेग कमी करतो. बाळंतपणानंतर परतलेली हळू धावते. ताप येऊन गेलेला, नोकरी गेल्यामुळे रात्र रात्र जागणारा, पन्नाशी ओलांडलेला, सगळे कधी ना कधी मागे जातात. स्वीपरची गरज आज जिला आहे तिच्यासाठी केलेली सोय उद्या आपल्याच उपयोगी पडते.

येत्या रविवारपासून

या अंकाच्या वाचकांपैकी अनेक जण कुठल्या ना कुठल्या गटात असतील. काही जण वेगवानही असतील. त्यांना माझी विनंती आहे. निघण्याआधी तीन गोष्टी मोठ्याने विचारा : आज कुठून वळायचं आहे, सगळ्यात मागे कोण राहणार आहे, आणि शेवटी कुठे भेटायचं आहे. तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत गटाने पाऊल उचलू नये. शेवटचा माणूस येईपर्यंत चहा मागवू नये. गटाचा फोटोही तोवर काढू नये. आणि जो पुढच्या रविवारी आला नाही त्याला सोमवारी फोन करावा.

ज्या अजून कुठल्याच गटात नाहीत आणि "माझ्यामुळे सगळ्यांना थांबावं लागेल" म्हणून जात नाहीत, त्यांना एवढंच सांगतो : जाण्याआधी गटाला फोन करा आणि विचारा, तुमच्यात सगळ्यात मागे कोण धावतं? उत्तरात त्या माणसाचं नाव पटकन आलं, तर त्या गटात खुशाल जा.